करार अकरा महिन्यांचा, ताबा मिळवायला सव्वादहा

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटची किल्ली ८ फेब्रुवारीला परत हातात आली. करार संपला होता आदल्या वर्षीच्या ३१ मार्चला. मधल्या काळात मी नेटवर जे जे शोधलं, त्यात एक तर वकिलांच्या जाहिराती होत्या, नाहीतर ‘भाडेकरू घर सोडत नाही, काय करू?’ असे केविलवाणे प्रश्न. पुढे काय झालं ते त्यातल्या एकानेही लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले. मी वकील नाही, नाशिकच्या एका शाळेत गणित शिकवते. कायद्याचं जे काही खाली येईल, ते या एका प्रकरणापुरतं ऐकलेलं आणि मग स्वतः वाचून ताडून पाहिलेलं आहे.

आमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा. मे २०२३ ते मार्च २०२४, अकरा महिने, महिना २२,००० रुपये, अनामत ७५,०००. त्याआधीचे अकरा महिनेही तोच मुलगा राहत होता, आयटीतला, सरळ वाटणारा. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला, आधार क्रमांक टाकला, अंगठे घेतले, कॅमेऱ्यात बघायला सांगितलं. वीस मिनिटांत काम झालं. मुद्रांक शुल्क किती येतं ते मी सवयीने वहीत मांडून पाहिलं होतं: अकरा महिन्यांचं भाडं २,४२,०००, अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज ६,८७५, एकूण रकमेच्या ०.२५ टक्के म्हणजे ६२२ रुपये, शंभराच्या पटीत ७००. नोंदणी फी १,०००. हिशोब बरोबर निघाला म्हणून मी खूश. करार मात्र वाचला नाही. सतरा कलमं होती आणि चहा गार होत होता.

पहिली चूक ती. दुसरी, फ्लॅट माझ्या आणि नवऱ्याच्या दोघांच्या नावावर असून करारावर मी एकटीने सही केली. “एकाची चालते, मॅडम,” असं एजंट म्हणाला. चालली, पण पुढे नवऱ्याचं संमतीपत्र जोडावं लागलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांचा फोन आला. म्हणाले, तुमच्याकडे आता दुसराच मुलगा दिसतो. मी आमच्या भाडेकरू मुलाला विचारलं. तो म्हणाला, कंपनीने बंगळुरूला पाठवलंय, मावसभाऊ राहतोय, मार्चअखेर आम्ही सोडतोच आहोत. मी “बरं” म्हटलं. हे एक “बरं” मला पुढे चांगलंच महागात पडलं.

मार्च संपला. १ एप्रिलला माझ्या खात्यात २२,००० आले, मावसभावाच्या नंबरवरून. मेमध्येही आले. मी काही बोलले नाही, कारण पैसे येत होते. मेच्या शेवटी मी म्हटलं, जूनपासून घर मोकळं करा, आम्हाला रंग द्यायचाय. त्यावर मावसभाऊ अगदी शांतपणे म्हणाला, “काकू, करार तुमचा दादाशी होता. माझ्याशी कुठे काय झालंय? मी तर भाडं भरतोय.” जूनपासून त्याने तेही बंद केलं.

त्या रात्री झोप लागली नाही. नवरा म्हणाला, शनिवारी जाऊन कुलूप बदलून येऊ. सेक्रेटरीकाका म्हणाले, पाणी बंद करतो, दोन दिवसांत पळेल. दोन्ही केलं नाही याचं श्रेय माझ्या एका सहकारी बाईंच्या भावाला, जो कोर्टात कारकून आहे. त्याने फोनवर एवढंच सांगितलं की पाणी-वीज तोडली तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ तुमच्याच अंगावर येईल, आणि कुलूप बदललंत तर तो विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली तुमच्यावरच ताब्याचा दावा लावेल, मालक असलात तरी. “आधी वकील गाठा, मग कुलूप.”

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात वकीलबाईंकडे गेले. नाशिक-पुणे एसटी, चाकणच्या कोंडीत सव्वा तास. ही कोंडी पुढच्या आठ महिन्यांत माझ्या इतकी परिचयाची झाली की मी तिथे वह्या तपासत असे.

वकीलबाईंनी सूची क्रमांक दोन मागितली. हा नोंदवलेल्या कराराचा दोन पानी गोषवारा, मी तो कधीच डाउनलोड केला नव्हता. त्यात दोन रकाने असतात: दस्तऐवज करून देणाऱ्या पक्षकाराचं नाव आणि करून घेणाऱ्या पक्षकाराचं नाव. बाईंनी पेन्सिलने दोन्हींना गोल केला. “या गोष्टीत माणसं दोनच. तुम्ही आणि तो बंगळुरूचा. तिसरा जो राहतोय, तो या कागदावर नाही. तो म्हणतो ते खरंच आहे, त्याचा तुमच्याशी करार नाही. पण म्हणूनच त्याला तिथे राहायचा हक्कही नाही.”

मावसभावाच्या ज्या वाक्याने माझी झोप उडवली होती, तेच वाक्य आपल्या बाजूचं आहे हे कळायला मला दोन मिनिटं लागली.

मग त्यांनी सगळा करार मोठ्याने वाचला, सतराच्या सतरा कलमं. लायसन्स म्हणजे राहण्याची परवानगी, कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो, हे कलम २ मध्ये होतं. दुसऱ्या कुणाला ठेवायचं नाही, हे ६ मध्ये. मुदत संपताच घर रिकामं करून द्यायचं, हे १४ मध्ये. इथवर मी मान डोलवत होते. मग कलम ९ आलं: गळती, भिंत, ड्रेनेज अशी मोठी दुरुस्ती मालकाने पंधरा दिवसांत करून द्यायची. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “काही तक्रार होती का?” होती. जानेवारीत बाथरूमच्या छतातून पाणी झिरपतंय म्हणून मुलाने फोटो पाठवले होते. मी “बघते” लिहिलं आणि मार्चपर्यंत बघितलं नाही. “म्हणजे करार तुम्हीही मोडलाय,” त्या म्हणाल्या. राग आला. पण व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या टिका होत्या, त्याला काय करणार?

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ३७ चा साधा अर्थ असा की पक्षकारांनी आपापली वचनं पाळायची किंवा पाळायची तयारी दाखवायची, कायद्याने सूट दिली असेल तेवढीच सोडून. दोन्ही बाजूंनी. मी आजवर कराराकडे भाडेकरूला बांधायची दोरी म्हणून बघत होते. दुसरं टोक माझ्या मनगटाला होतं.

एजंटने कलम १५ मध्ये ‘मुदतीनंतर रोज १,००० रुपये दंड’ असं टाईप केलं होतं. मला वाटलं, हे आपलं ब्रह्मास्त्र. बाई म्हणाल्या, करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही फार तर वरची मर्यादा, त्याच्या आत वाजवी भरपाई किती ते ठरवायचं काम समोर बसलेल्या अधिकाऱ्याचं. त्यापेक्षा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २४ आपल्याला सरळ देतं: मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्या लायसन्सधारकाने दुप्पट लायसन्स फी नुकसानभरपाई म्हणून द्यायची. आपलं गणित महिना ४४,००० चं.

मी विचारलं, करार नोंदवलाच नसता तर? त्या हसल्या. “मग मी तुम्हाला चहा पाजून परत पाठवलं असतं.” अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज अजूनही घट्ट आहे. तो आला नोंदणी कायद्यातल्या एक वर्षापुढच्या भाडेपट्ट्याच्या नियमावरून. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि अटींबद्दल वाद झाला, तर राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. आणि करार लेखी असेल तर त्यात लिहिलेली वस्तुस्थिती हाच निर्णायक पुरावा धरावा, असं कलम २४ च्या स्पष्टीकरणातच आहे. एवढी काळजी कायद्याने का घेतली, त्यालाही इतिहास आहे. मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते ते संरक्षित भाडेकरू ठरले. माझ्या सासऱ्यांच्या पिढीतले लोक घर रिकामं ठेवत पण भाड्याने देत नसत, त्याचं मूळ मला त्या दिवशी कळलं.

५ जुलैला बंगळुरूच्या मुलाला नोटीस गेली, खर्च २,५००. ती तीन पत्त्यांवर पाठवली: फ्लॅटवर, करारात दिलेल्या त्याच्या गावच्या पत्त्यावर आणि ईमेलवर. करार करताना समोरच्याचा कायमचा पत्ता आधारवरचा आहे की बदललाय हे विचारून घ्या. आमच्या बाबतीत गावच्या पत्त्यावर त्याचे वडील होते, त्यांनी पोचपावतीवर सही केली. त्या एका सहीने पुढचे दोन महिने वाचले.

नोटिशीत आणखी एक ओळ बाईंनी मुद्दाम घातली: एप्रिल-मेमध्ये आलेली रक्कम भाडं म्हणून नव्हे, नुकसानभरपाईपोटी हक्क राखून स्वीकारली आहे. मुदत संपल्यावर गप्प बसून पैसे घेतले की समोरचा म्हणतो, नवा तोंडी करार झाला. तुमच्या खात्यात असे पैसे आले तर त्याच दिवशी तेवढं एक वाक्य लेखी पाठवून ठेवा, मेसेज चालेल. मी तीन महिने उशिरा लिहिलं.

उत्तर आलं नाही. १२ ऑगस्टला सक्षम प्राधिकाऱ्यांकडे, म्हणजे भाडे नियंत्रण कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे, अर्ज दाखल केला. लिव्ह अँड लायसन्सवरच्या राहत्या घराचा ताबा मागायचा तर दिवाणी न्यायालयात नाही, इथे जायचं, हे मला माहीतच नव्हतं. नाव भारदस्त. प्रत्यक्षात सरकारी इमारतीतलं एक दालन, बाहेर बाक, बाकावर माझ्यासारखेच दहा-बारा मालक मांडीवर फायली घेऊन. एक आजोबा दोन वर्षं येत होते, कारण त्यांचा करार साध्या स्टँपपेपरवर होता. त्यांनी मला शेंगदाण्याची चिक्की दिली आणि माझी सूची क्रमांक दोन हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

अर्जासोबत लावलं ते असं: नोंदणीकृत करार, सूची क्रमांक दोन, फ्लॅटच्या खरेदीखताची प्रत, नवऱ्याचं संमतीपत्र, मिळकतकराची पावती, नोटीस आणि पोचपावत्या, बँकेचा खातेउतारा. त्यात सोसायटीचं एक पत्रही होतं, की अमुक महिन्यापासून फ्लॅटमध्ये दुसरी व्यक्ती राहते. सेक्रेटरीकाकांनी गेटच्या रजिस्टरची पानंही झेरॉक्स करून दिली. वकिलांची फी ३५,०००, निम्मी आधी. मावसभावाला पक्षकार करायचं का यावर आमचा तासभर काथ्याकूट झाला. शेवटी नाही केलं. करारात जो लायसन्सधारक नाही त्याचा कसलाही दावा प्राधिकाऱ्याने विचारात घ्यायचा नाही, असं कलम २४ च म्हणतं. मग त्याला बोलावून बाजू मांडायची संधी आपणच कशाला द्यायची?

समन्सची भानगड वेगळीच. फ्लॅटवर रजिस्टर पोस्ट गेलं, ‘दार बंद’ शेरा मारून परत आलं. दार बंद नव्हतं, आत मॅच चालू होती, हे समोरच्या काकूंनी सांगितलं. मग दारावर चिकटवलं, फोटो काढला. गावी पुन्हा वडिलांनी घेतलं. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र करून ‘मला बचाव करू द्या’ अशी परवानगी मागायची असते. नाही मागितली तर आपलं म्हणणं मान्य आहे असं धरतात. मी कॅलेंडरवर तीस चौकोन आखले. एकोणतिसाव्या दिवशी त्याच्या वकिलांनी अर्ज टाकला. आमचा ‘मुलगा’ आता कागदोपत्री ‘जाब देणार’, म्हणजे प्रतिवादी, झाला होता.

मुद्दे दोन. एक, एप्रिल-मेचं भाडं घेतलं म्हणजे नवा करार झाला. दोन, अनामत परत दिलेली नाही, दुरुस्ती केली नाही, त्यामुळे घर सोडायला तो बांधील नाही. सोबत बाथरूमच्या छताचे फोटो. रंगीत प्रिंट होती. पोपडे धरलेलं ते छत मी तिथे, त्या बाकावर, पहिल्यांदा नीट पाहिलं.

मग महाराष्ट्राची निवडणूक मध्ये आली. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान, महसूल खात्याची माणसं तिकडे. ७ नोव्हेंबरची तारीख १२ डिसेंबरवर गेली. मला ते कळलं पुण्याच्या दालनासमोर उभं राहिल्यावर. आदल्या संध्याकाळी वकिलांना फोन करून ‘उद्या बोर्ड आहे ना?’, म्हणजे सुनावणी होणार ना, एवढं विचारायचं, ही शहाणीव मला त्या दिवशीच्या ९०० रुपयांत मिळाली. शाळेतली रजा गेली ती वेगळी.

मधल्या काळात मी एक काम केलं जे आधीच करायला हवं होतं. पत्र पाठवून, वेळ घेऊन, प्लंबरला फ्लॅटवर नेलं. मावसभावाने दार उघडलं. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. वरच्या मजल्यावरच्या नहाणीची लादी फुटली होती. वॉटरप्रूफिंग आणि छताचं प्लास्टर मिळून १८,५०० लागले. निघताना त्याने पाणी विचारलं. मी प्यायले. घर माझं, ग्लासही माझेच, पण पाणी त्याने दिलं.

१२ डिसेंबरला युक्तिवाद झाला, जेमतेम पंचवीस मिनिटं. अधिकाऱ्यांनी मला थेट एकच प्रश्न विचारला: “दुरुस्ती कुणी करायची होती?” मी म्हटलं, मी. उशीर झाला, आता केली आहे, ही पावती. बाईंनी नंतर सांगितलं की टाळाटाळ केली असती तर पाच मिनिटं तिथेच गेली असती. त्यांचा मुद्दा असा होता की दुरुस्तीची तक्रार असेल तर त्याची भरपाई मागता येईल, पण त्यामुळे संपलेली मुदत वाढत नाही. आणि अनामत करारातच ‘ताबा देतेवेळी’ परत करायची आहे. एका हाताने किल्ली, दुसऱ्या हाताने पैसे. किल्ली आलीच नाही, तर पैसे अडकवले असं कसं म्हणणार?

१० जानेवारीला आदेश आला. बचावाची परवानगी नाकारली. ताबा द्यावा, आणि १ एप्रिल २०२४ पासून ताबा देईपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी, आलेले ४४,००० वजा करून. मला वाटलं, संपलं. बाई म्हणाल्या, याच्यावर अपील नाही, पण ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज, म्हणजे वरून आदेश तपासून पाहावा असा अर्ज, करता येतो. आदेश अंतिम झाल्यावर ३० दिवसांत घर सोडलं नाही तर प्राधिकारी बळ वापरून ताबा घेऊन देऊ शकतात. म्हणजे अजून काही महिने जाऊ शकले असते.

गेले नाहीत, कारण चार दिवसांनी बंगळुरूहून फोन आला. जवळजवळ वर्षभरात तो पहिल्यांदा बोलला. भाऊ निघतोय, पण दुप्पट झेपणार नाही, म्हणाला. दुप्पटचा आकडा ४४,००० वजा जाऊनही चार लाखांजवळ जात होता, मी काढलेला होता. तो वसूल करायला परत किती वेळा चाकण ओलांडावं लागेल, तेही मोजलं. नवरा म्हणाला, सोडू नकोस. मी सोडलं. जून ते जानेवारी आठ महिन्यांचे साधे १,७६,०००, त्यातून अनामत ७५,००० वजा, उरलेले १,०१,००० दोन चेकने. विजेचं थकलेलं बिल ३,४६० त्याचं. त्याने पुनरीक्षणाला जायचं नाही. समजुतीचा हा लेख ५०० च्या स्टँपवर केला. १०० चा चालायचा, पण नेमका ऑक्टोबरमध्ये दर वाढला होता. यावर त्याने आणि मी सह्या केल्या, नवऱ्यानेही. यावेळी कुणी ‘एकाची चालते’ म्हणालं नाही.

८ फेब्रुवारीला सकाळी अकराला मावसभाऊ दोन बॅगा आणि एक कुंडी घेऊन दारात उभा होता. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला, मीटरच्या आकड्याचा फोटो काढला, ताबा पावतीवर वेळेसकट सही घेतली. किल्ल्या तीन दिल्या होत्या, दोन परत आल्या, तिसरीचे ३०० रुपये त्याने स्वतःहून काढून दिले. “येतो काकू,” म्हणाला. कुलूप मी त्याच दुपारी बदललं.

मार्चमध्ये नवं जोडपं आलं. यावेळी एजंटला मी म्हटलं, अंगठे नंतर, आधी वाचू. स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रिंट ठेवून त्या मुलीने एकेक कलम मोठ्याने वाचलं. राहणार दोघं, तर दोघांचीही नावं घालायची, हे तिनेच सांगितलं. दुरुस्तीला पंधरा दिवस जास्त होतात म्हणाली, दहावर आणले. मग ‘घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं कापून घेण्यात येईल’ या ओळीवर तिने बोट ठेवलं. “काकू, भिंती आम्ही खराब केल्या नाहीत तरी?” एजंट म्हणाला, सगळीकडे असंच असतं. मी त्याच्याकडून पेन मागून घेतलं आणि ती ओळ खोडली.